नव्वदच्या दशकातले सगळ्यात यशस्वी 'नवे' पॉप कलाकार: क्रमवारी नेमकी लावायची कशी?

पेठकर_क्विझ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकला तालमींच्या संघांची क्विझ आहे. शेवटची फेरी पॉप संगीताची. पडद्यावर दहा नावं उलटसुलट येणार आणि संघानं ती यशाच्या क्रमानं लावायची. बरोबर जागेला पाच गुण, चुकलं तर शून्य. विषय 'नव्वदच्या दशकात नव्यानं आलेले पॉप कलाकार'.

कच्ची यादी अशी झालीय: १) बॅकस्ट्रीट बॉइज २) ब्रिटनी स्पीअर्स ३) स्पाइस गर्ल्स ४) सेलिन डिऑन ५) मराया कॅरी ६) अलिशा चिनॉय ७) रिकी मार्टिन ८) लकी अली ९) व्हेंगाबॉइज १०) दलेर मेहंदी.

विचारायचं एवढंच: क्रम बरोबर आहे का, तो कशावर ठरवायचा, आणि इंडीपॉप (चित्रपटाबाहेरचं आपलं पॉप) यातच घालायचं की वेगळं? एक जण म्हणतोय ग्रॅमीची 'बेस्ट न्यू आर्टिस्ट'ची यादी उचला आणि मोकळे व्हा. पण समोर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ, एकमेकींशी कायम ईर्ष्या करणाऱ्या पेठा, एकाच हॉलमध्ये बसणार. उत्तरात फट राहिली तर माईक हातातनं जाईल.

---

शाहूपुरी_टर्नटेबल

क्रमाचं नंतर बघू. आधी 'नवा' म्हणजे कोण ते ठरवा, कारण भांडण तिथंच पेटणार.

सेलिन डिऑनचा पहिला फ्रेंच अल्बम १९८१ चा. १९८८ ला ती स्वित्झर्लंडकडून युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकून बसली होती. १९९० चा 'युनिसन' हा तिचा पहिला इंग्रजी अल्बम, पहिला अल्बम नव्हे. अलिशाचंही तेच. 'मेड इन इंडिया' १९९५ चा, पण 'जादू' १९८५ चा आणि 'बेबी डॉल' १९८८ चा. दोघीही बाद.

नियम असा लिहून ठेवा: त्याच नावानं, जगात कुठंही आणि कुठल्याही भाषेत निघालेला पहिला अल्बम १ जानेवारी १९९० ते ३१ डिसेंबर १९९९ या काळातला हवा. 'त्याच नावानं' हे शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे कलोनियल कझिन्स आत येतात (जोडीचा पहिला अल्बम १९९६), हरिहरन मात्र एकटे आत येत नाहीत, कारण त्यांचे गझलांचे अल्बम ऐंशीच्या दशकातच आले होते. रिकी मार्टिन पोरगा असताना मेनुडो या पोरांच्या बँडमध्ये होता, पण स्वतःच्या नावाचा पहिला स्पॅनिश अल्बम १९९१ चा, म्हणजे तोही आत. मनाला पटत नाही, पण नियम एकदा केला की तो सगळ्यांना सारखा.

दशक १९९०–९९ धरायचं की १९९१–२०००, हेही प्रश्नपत्रिकेवर छापा. एका वर्षानं केवढा फरक पडतो बघा: शानचा 'तनहा दिल' आणि अदनान सामी-आशाताईंचा 'कभी तो नज़र मिलाओ' दोन्ही २००० चे.

ग्रॅमीची यादी तर उचलूच नका. १९९० चा पुरस्कार मिली व्हॅनिलीला दिला आणि आवाज त्यांचा नव्हताच असं कळल्यावर काढून घेतला. पुढं १९९१ मराया कॅरी, १९९२ मार्क कोन, १९९३ अरेस्टेड डेव्हलपमेंट, १९९४ टोनी ब्रॅक्स्टन, १९९५ शेरिल क्रो, १९९६ हूटी अँड द ब्लोफिश, १९९७ लिअॅन राइम्स, १९९८ पॉला कोल, १९९९ लॉरिन हिल, २००० क्रिस्टिना अग्विलेरा. यात बॅकस्ट्रीट नाहीत, स्पाइस गर्ल्स नाहीत, टीएलसी नाहीत. मार्क कोन जिंकला त्या वर्षी हरलेल्यांत बॉइज टू मेन होते! शिवाय 'नवा' हा शब्द तिथंही लवचीक: २००१ ला शेल्बी लिनला हा पुरस्कार सहाव्या अल्बमवर मिळाला.

---

बी_साइड_कोल्हापूर

वरच्या नियमाला अनुमोदन. आता यश मोजायचं कसं ते.

केएसए लीग (कोल्हापूरची फुटबॉल लीग) बघणाऱ्याला हे लगेच कळेल. 'नंबर वनवर किती आठवडे' हा नॉकआऊटचा हिशोब, आणि अल्बमची विक्री हा लीगचा. एखादा संघ एकात राजा असतो आणि दुसऱ्यात तळाला.

अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० वर (बिलबोर्ड मासिकाची गाण्यांची दर आठवड्याची क्रमवारी), दशकाच्या आत, पहिल्या नंबरावरचे आठवडे असे:

मराया कॅरी ६०
बॉइज टू मेन ५०
मोनिका २२
टीएलसी १८
रिकी मार्टिन ५
स्पाइस गर्ल्स ४
ब्रिटनी २
बॅकस्ट्रीट बॉइज ०

शेवटची ओळ चुकीची छापलेली नाही. बॅकस्ट्रीट बॉइजचं एकही गाणं हॉट १०० वर पहिलं आलेलं नाही. 'क्विट प्लेइंग गेम्स' दुसरं आलं, 'आय वाँट इट दॅट वे' सहाव्यावर थांबलं. तुमच्या यादीत ते पहिले आहेत.

मरायाचे ६० हातानं मोजून घ्या, कारण प्रेक्षकांत कुणीतरी मोजणारच. चौदा गाणी, 'व्हिजन ऑफ लव्ह' (१९९०) पासून 'हार्टब्रेकर' (१९९९) पर्यंत: ४+३+२+२+३+२+८+४+८+१६+२+३+१+२. बॉइज टू मेनचे ५०: 'एंड ऑफ द रोड' १३, 'आय'ल मेक लव्ह टू यू' १४, 'ऑन बेंडेड नी' ६, 'वन स्वीट डे' १६, 'फोर सीझन्स ऑफ लोनलीनेस' १.

यात 'वन स्वीट डे'चे १६ दोघांच्याही खात्यात आहेत, कारण ते एकत्र गायलेलं. अर्धे-अर्धे केले तर ५२ आणि ४२. क्रम बदलत नाही, आकडा बदलतो. आकडा विचारणार असाल तर वाटणीचा नियम आधी सांगावा लागेल.

---

पेठकर_क्विझ

बॅकस्ट्रीटला शून्य? हॉलमध्ये खुर्च्या उडतील. हे कसं काय?

---

बी_साइड_कोल्हापूर

कारण चार्टच्या नियमात आहे. ५ डिसेंबर १९९८ च्या अंकापर्यंत हॉट १०० वर येण्यासाठी गाणं सुटं सिंगल म्हणून दुकानात विकायला असावं लागे. रेडिओवर कितीही वाजलं तरी सिंगल नाही म्हणजे चार्टवर नाव नाही. कंपन्यांनी त्यातनं धंद्याची वाट काढली: सिंगल काढायचंच नाही, म्हणजे एका गाण्यासाठी गिऱ्हाईक अख्खा अल्बम घेतं. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं, हॉट १०० वर एक दिवसही दिसलं नाही. नताली इम्ब्रुलियाचं 'टॉर्न' रेडिओवर ११ आठवडे पहिलं. नियम बदलला तेव्हा ते उतरणीला लागलं होतं, म्हणून हॉट १०० वर ४२ च्या पुढं गेलं नाही.

नियम बदलल्यावर 'आय वाँट इट दॅट वे' निव्वळ रेडिओच्या जोरावर सहावं आलं, सिंगल विकायला नसताना. म्हणून त्या मंडळींचं यश बघायचं तर अल्बमकडं बघा. १९९९ च्या 'मिलेनियम'नं अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ११ लाखांवर प्रती विकल्या.

आणखी दोन खड्डे:

इंटरनेटवरचे आजचे एकूण आकडे उचलू नका. मरायाची नंबर वन गाणी आज १९ दिसतील. त्यातलं नाताळचं गाणं ('ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू') १९९४ चं, पण तेव्हा ते सुटं सिंगल नव्हतं, म्हणून चार्टला पात्रच नव्हतं. ते पहिलं आलं डिसेंबर २०१९ मध्ये. दशकापुरते १४ च.

दुसरं, बिलबोर्डच्या अंकावरची तारीख धरा, गाणं निघाल्याची नव्हे. क्रिस्टिना अग्विलेराचं 'व्हॉट अ गर्ल वाँट्स' आलं १९९९ मध्ये, पहिलं झालं १५ जानेवारी २००० च्या अंकात. म्हणून दशकात तिचे पाचच आठवडे, सगळे 'जिनी इन अ बॉटल'चे.

---

राजारामपुरी_९

फक्त अमेरिका धरलीत तर स्पाइस गर्ल्सवर अन्याय होतो. ब्रिटनमध्ये त्यांची पहिली सहाच्या सहा सिंगल्स पहिल्या नंबरावर. सातवं 'स्टॉप' १९९८ मध्ये दुसऱ्यावर अडलं. दशकात एकूण आठ नंबर वन, त्यात १९९६, ९७, ९८ अशी लागोपाठ तीन वर्षं नाताळचा पहिला नंबर. टेक दॅटचेही आठच, १९९३ ते १९९६ मध्ये. अमेरिकेत त्यांचं 'बॅक फॉर गुड' सातव्यावर गेलं, तेवढंच.

मग तीन खाती एकत्र करू. हा हिशोब मी बसवलेला आहे, कुठल्या संस्थेचा नव्हे. हॉट १०० वर पहिल्या नंबरच्या प्रत्येक आठवड्याला १ गुण, ब्रिटनमधल्या प्रत्येक नंबर वन सिंगलला ५ गुण, आणि दशकात निघालेल्या व अमेरिकेत डायमंड ठरलेल्या प्रत्येक अल्बमला १५ गुण. डायमंड म्हणजे एक कोटी प्रतींचं प्रमाणपत्र. अल्बम निघाल्याची तारीख धरलीय, प्रमाणपत्राची नाही, कारण प्रमाणपत्र कंपनीनं मागितल्यावरच मिळतं आणि त्याला कितीही वर्षं लागू शकतात.

मराया: ६० + ५ + ३० = ९५
बॉइज टू मेन: ५० + ५ + १५ = ७०
स्पाइस गर्ल्स: ४ + ४० + ० = ४४
टेक दॅट: ० + ४० + ० = ४०
बॅकस्ट्रीट: ० + ५ + ३० = ३५
टीएलसी: १८ + ० + १५ = ३३
ब्रिटनी: २ + ५ + १५ = २२
मोनिका: २२ + ० + ० = २२
रिकी मार्टिन: ५ + ५ + ० = १०
व्हेंगाबॉइज: ० + १० + ० = १०

व्हेंगाबॉइजना हसू नका. १९९९ मध्ये ब्रिटनला त्यांची दोन गाणी पहिली आली.

आता गंमत बघा. ब्रिटनचे ५ गुण ३ करा. मराया ९३, बॉइज टू मेन ६८, वरचे दोघे जागच्या जागी. पण खाली बॅकस्ट्रीट ३३, टीएलसी ३३, स्पाइस गर्ल्स २८, टेक दॅट २४, मोनिका २२, ब्रिटनी २०. तिसऱ्यापासून सगळा पत्ता पिसला गेला. पेठकर दादा, 'दहा नावं क्रमानं लावा' हा प्रश्नच धोक्याचा आहे. पाचव्या आणि सहाव्या जागेचं उत्तर तुमच्या गुणांच्या मापात आहे, इतिहासात नाही.

---

शाहूपुरी_टर्नटेबल

ताई, हिशोब सुरेख. एक हरकत: अल्बमवर जगणारे कलाकार यात मरतात. अलानिस मॉरिसेटचा पहिला अल्बम कॅनडात १९९१ ला आला, म्हणजे ती नियमात बसते. १९९५ चा 'जॅगेड लिटल पिल' एवढा खपूनही तुमच्या मापात तिला १५. शनाया ट्वेनला ३०, कारण दोन अल्बम डायमंड, त्यातला 'कम ऑन ओव्हर' (१९९७) तर दोन कोटींचा. एक कोटी आणि दोन कोटी दोघांना सारखेच १५, हे काही बरं दिसत नाही.

प्रमाणपत्रं वाचताना देश बघायला विसरू नका. स्पाइस गर्ल्सचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये दहा वेळा प्लॅटिनम आणि अमेरिकेत सात वेळा. दिसायला ब्रिटनचा आकडा मोठा. पण ब्रिटनचं अल्बमचं प्लॅटिनम ३ लाखांचं आणि अमेरिकेचं १० लाखांचं. म्हणजे ३० लाख विरुद्ध ७० लाख. शिवाय त्या काळी अमेरिकेत शंभर मिनिटांहून मोठा दोन डिस्कचा अल्बम दोनदा मोजला जायचा आणि मोजणी कंपनीनं बाजारात पाठवलेल्या मालाची असायची.

'यश म्हणजे पैसा' असं कुणी म्हणालं तर टीएलसी दाखवा. १९९५ मध्ये 'वॉटरफॉल्स' सात आठवडे पहिलं, आणि त्याच वर्षी त्या तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

---

कॅसेट_६०_मिनिटं

इंडीपॉप या यादीत घालू नका भावा. लकी अलीला कितव्या जागेवर ठेवणार, आणि कशावरनं? अमेरिकेत १९९१ पासून साउंडस्कॅन दुकानातल्या बारकोडवरनं विक्री मोजत होतं. आपल्याकडं त्या काळी माल कॅसेटमध्ये, बराचसा बाजार नकली कॅसेटचा, आणि खपाचा आकडा कंपनी सांगेल तो. चॅनेलवरचे काउंटडाउन म्हणजे विक्री नव्हे. असल्या आकड्यावर पाच गुण दिलेत तर निकाल लागायचा नाही.

इंडीपॉपला वेगळी फेरी ठेवा, आणि यशाच्या नाही, वर्षाच्या क्रमानं लावायला सांगा. वर्षावर वाद होत नाही:

बाबा सहगल, 'ठंडा ठंडा पानी', १९९२
श्वेता शेट्टी, 'जॉनी जोकर', १९९३
दलेर मेहंदी, 'बोलो ता रा रा', १९९५
लकी अली, 'सुनो', १९९६
सिल्क रूट, 'बूँदें', १९९८
केके, 'पल', १९९९

लकी अलीबरोबर कलोनियल कझिन्स ठेवू नका, दोन्ही १९९६. तसंच सिल्क रूटबरोबर युफोरियाचा 'धूम' नको, दोन्ही १९९८. एका वर्षाची दोन नावं आली की पुन्हा महिन्यावरनं भांडण. युफोरिया बँड तर १९८८ पासूनचा. अल्बमच्या नियमानं तो आत येतो, पण स्थापनेवरनं कुणीतरी उठणारच.

एक चांगला गुगली आहे: अपाची इंडियन. बर्मिंगहॅमचा पंजाबी घरातला पोरगा, १९९३ ला 'बूम शॅक-अ-लॅक'वाल्या रेकॉर्डनं ब्रिटनच्या चार्टवर पाचवा. याचा आकडा पक्का आहे कारण चार्ट तिथला आहे. 'ऐका दाजिबा' कुणीतरी सुचवेलच, पण मराठी पॉपची ती लाट पुढच्या दशकातली, इथं नको.

---

पेठकर_क्विझ

लई उपकार झाले. मग असं करतो: क्रम लावायची फेरी रद्द, त्याऐवजी जोड्या. 'या दोघांत पहिल्या नंबरावर जास्त आठवडे कोण?' अशा पाच जोड्या. चालेल का? आणि गाण्याचे तुकडे वाजवणार आहे, त्यात काय सांभाळायचं?

---

राजारामपुरी_९

जोड्या चालतील, पण प्रत्येक प्रश्नात चार गोष्टी लिहा: चार्टचं नाव, देश, कुठली तारीख ते कुठली तारीख, आणि एकत्र गायलेलं गाणं दोघांना पूर्ण मोजलंय की नाही. उदाहरणार्थ: 'अमेरिकेचा बिलबोर्ड हॉट १००, १९९० ते १९९९ च्या अंकांत पहिल्या नंबरावर जास्त आठवडे कुणाचे: टीएलसी की स्पाइस गर्ल्स? एकत्र गायलेलं गाणं दोघांच्या खात्यात पूर्ण.' १८ विरुद्ध ४, इथं कुणी काय बोलणार? जोडीत फरक निदान दुप्पट ठेवा. मोनिका–टीएलसी (२२–१८) टाळा. मोनिकाचे १३ आठवडे ब्रँडीबरोबरच्या 'द बॉय इज माइन'चे आहेत, अर्धे केले की ती १५.५ वर येते आणि उत्तर उलटतं.

बॅकस्ट्रीटचं शून्य मात्र ठेवाच, शेवटच्या प्रश्नाला. फक्त विचारताना 'त्यांचं कुठलंच गाणं कुठंच पहिलं नव्हतं' असं तोंडातनं जाऊ देऊ नका. ब्रिटनमध्ये 'आय वाँट इट दॅट वे' पहिलं होतं.

---

बी_साइड_कोल्हापूर

तुकड्यांचं. ८ ते १० सेकंद पुरे. १९९० च्या सीडीचा आवाज १९९९ च्या सीडीपेक्षा बराच हळू असतो, कारण दशकभर मास्टरिंगमध्ये (सीडीसाठी आवाज शेवटचा बसवताना) पातळी चढत गेली. 'व्हिजन ऑफ लव्ह'नंतर ब्रिटनी लावलीत तर पुढच्या रांगेतले कानावर हात ठेवतील. सगळे तुकडे एकाच पातळीवर आणा: ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लाउडनेस नॉर्मलायझेशन', उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीला छोटा फेड-इन द्या, नाहीतर स्पीकरमधनं 'टप' असा आवाज येतो. फायली डब्ल्यूएव्ही ठेवा आणि नावात प्रश्नाचा क्रमांक घाला, गाण्याचं नाव नको. लॅपटॉप पडद्याला जोडलेला असतो आणि फायलीचं नाव सगळ्या हॉलला दिसतं.

परवान्याचं हॉलवाल्यांकडं आधी विचारून घ्या. रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस, हे दोन वेगळे. एक घेतला म्हणजे दुसरा आला असं होत नाही.

---

कॅसेट_६०_मिनिटं

आणि 'टुनक टुनक टुन'चा तुकडा लावणार असाल तर वर्ष १९९८ लिहा. दलेरचं पदार्पण म्हणून तेच गाणं बऱ्याच याद्यांत सापडतं. त्याच्या आधी तीन वर्षं 'बोलो ता रा रा' गाजून गेलेलं.